व्हॉल्व्हचा आवाज आणि आपले कान



ट्रॅन्झिस्टर आला आणि रेडिओच्या व्हॉल्व्हचें राज्य गेलें, ही गोष्ट आतां जुनी झाली. १९६० नंतरच्या वीसएक वर्षांत घरगुती यंत्रांतून तो जवळजवळ नाहींसा झाला. तरीही स्वतः तारांना डाख देऊन आपला ॲम्प्लिफायर आपणच बांधणारी जी हौशी मंडळी आहेत, त्यांनीं त्याला सोडलेलें नाहीं. आणि त्यांच्यासाठीं रशिया, चीन व स्लोव्हाकिया या देशांत व्हॉल्व्ह आजही तयार होतात. या मंडळींत एक वाद नित्य चालतो. एक म्हणतो, इंग्लंडांतील मुलार्डचा आवाज गोड; दुसरा म्हणतो, जर्मनींतील टेलेफुंकेनचा स्वच्छ; तिसरा म्हणतो, नवे सगळेच रूक्ष. वाद केवळ रुचीचा असता तर त्यांत तिऱ्हाइतानें पडण्याचें कारण नव्हतें. परंतु जुन्या, न वापरलेल्या नामांकित व्हॉल्व्हला नव्याच्या कित्येक पट किंमत पडते, आणि ती घरखर्चाच्या पैशांतूनच निघते. तेव्हां या फरकांत खरें किती आणि मानलेलें किती, हें तपासणें अगदींच निरुपयोगी ठरणार नाहीं.

प्रथम व्हॉल्व्ह करतो काय तें थोडक्यांत पाहूं. निर्वात केलेल्या कांचेच्या नळींत तापलेल्या तारेपासून निघणारे विद्युत्कण एकाच दिशेनें वाहतात, या गुणाचा उपयोग फ्लेमिंग यानें १९०४ सालीं करून दाखविला. पुढें १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यानें त्या कणांच्या वाटेंत एक बारीक जाळी बसविली. जाळीवरील विद्युद्दाब किंचित् कमीजास्त केला कीं मोठा प्रवाह त्याबरहुकूम कमीजास्त होतो. पाटाच्या तोंडाशीं असलेल्या लहानशा फळीनें सगळा ओघ आवरावा, तसाच हा प्रकार. म्हणजे व्हॉल्व्हचें काम लहानाचें मोठें करणें एवढेंच. आपल्या पदरचें त्यांत कांहीं घालणें हें त्याचें काम नव्हे.

परंतु तो घालतो. आणि काय घालतो हें ज्यानें तंबोरा लावला आहे त्याला सांगावयास नको. षड्जाची तार छेडली असतां मूळ स्वराबरोबर दुपटीचा, तिपटीचा, पांचपटीचा असे वरचे स्वरही निघतात. दुपटीचा म्हणजे वरच्या सप्तकांतील षड्ज. तिपटीचा म्हणजे त्याच सप्तकांतील पंचम. आणि पांचपटीचा तो स्वयंभू गंधार. साधा तीन विद्युदग्रांचा व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रायोड, आपल्या पदरचें जें घालतो तें बहुतांशीं दुपटीचें असतें. तो स्वर मूळ स्वराचाच भाऊ असल्यामुळें कानाला बिघाड वाटत नाहीं. उलट आवाज भरल्यासारखा वाटतो. याच्या उलट सातपटीचा स्वर कोमल निषादाच्याही किंचित् खालीं पडतो व कोठेंच मिळत नसल्यामुळें खुपतो. व्हॉल्व्हच्या आवाजाला ‘उबदार’ म्हणतात त्याचें एक कारण येथें आहे.

मात्र ही ऊब सर्वस्वीं व्हॉल्व्हची नसते, जोडणीचीही असते. १९३८ सालीं अमेरिकेंतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीनें काढलेला ३०० बी हा ट्रायोड घ्या. तो एकटाच जोडला तर सुमारें आठ वॅट शक्ति देतो, आणि पूर्ण जोरावर मूळ स्वराच्या शेंकडा पांचच्या आसपास दुपटीचा स्वर त्यांत मिसळतो. तेच दोन व्हॉल्व्ह समोरासमोर जोडले, एक ओढणारा तर दुसरा ढकलणारा, तर दुपटीचे स्वर बव्हंशीं एकमेकांस मारतात. व्हॉल्व्ह तेच, आवाज निराळा.

घरीं बांधणाऱ्यांच्या इतिहासांत याचें सर्वोत्तम उदाहरण म्हणजे विल्यमसनचा ॲम्प्लिफायर. डी. टी. एन. विल्यमसन या ब्रिटिश तंत्रज्ञानें १९४७ च्या एप्रिल व मे महिन्यांत ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकांत त्याची रचना प्रसिद्ध केली, आणि अनेक देशांतील हौशी लोकांनीं ती आपापल्या घरीं बांधली. त्यांत केटी ६६ जातीचे दोन व्हॉल्व्ह ट्रायोडसारखे जोडून समोरासमोर बसविलेले होते. शिवाय हॅरोल्ड ब्लॅक यास १९२७ सालीं सुचलेली युक्ति त्यानें वापरली होती: बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून पुन्हा तोंडाशीं आणावयाचा, म्हणजे यंत्राची चूक यंत्राकडूनच खोडली जाते. या योगें चूक सुमारें दशांशावर आली आणि पंधरा वॅट शक्तीला अशुद्धि शेंकडा ०.१ हून अधिक राहिली नाहीं. व्हॉल्व्हचा स्वतःचा आवाज ऐकूंच येऊं नये, हाच या सगळ्या खटाटोपाचा हेतु होता. अशा यंत्रांत एका कंपनीचा व्हॉल्व्ह काढून दुसरीचा घातला आणि आवाज पालटला असें कोणी म्हणालें, तर त्याला पुरावा मागण्याचा आपणांस अधिकार आहे.

आतां तुलनेंतील फसगती पाहूं. ईसीसी ८३ आणि ईसीसी ८२ हे दोन लहान व्हॉल्व्ह एकाच सॉकेटांत बसतात. पहिल्याची गुणवृद्धि १००, दुसऱ्याची १७ ते २०. एकाच्या जागीं दुसरा घातला कीं आवाज लहानमोठा होतो. एकाच नांवाच्या दोन व्हॉल्व्हांतही असा थोडा फरक असतोच. मोठा आवाज कानाला चांगला आवाज वाटतो. आणि फरक फारच थोडा असला तर तो ‘मोठा’ म्हणून ओळखूं येत नाहीं, ‘अधिक खुला’, ‘अधिक जिवंत’ अशा नांवांनीं ओळखला जातो. दुसरी फसगत स्मृतीची. व्हॉल्व्ह बदलावयाचा तर यंत्र बंद करावें लागतें, नवा तापेपर्यंत थांबावें लागतें, आणि तेवढ्या वेळांत पूर्वीच्या आवाजाची बारीक आठवण पुसून जाते. तिसरी फसगत डोळ्यांची. कांचेवरचें नांव वाचलें कीं कान त्या नांवाचेंच ऐकतात; आणि तें नांवही नेहमीं खरें असतें असें नाहीं, कारण एका कारखान्याचा माल दुसऱ्याच्या छापानें विकण्याची चाल या धंद्यांत पूर्वींपासून आहे.

यावर उपाय कठीण नाहीं. एकाच नकाशाप्रमाणें अगदीं सारखे दोन ॲम्प्लिफायर बांधावे, किंवा डावाउजवा असे दोन भाग असलेलें यंत्र घ्यावें. दोहोंना एकच ध्वनिमुद्रिका ऐकवावी, व एक लाऊडस्पीकर खटक्यानें कधीं याला तर कधीं त्याला जोडावा. ज्याला लाऊडस्पीकर नाहीं त्याला त्या वेळीं तितक्याच रोधाचा बोजा जोडलेला असला पाहिजे. बोजावांचून व्हॉल्व्हचें यंत्र जोरांत चालविल्यास शेवटचा ट्रॅन्स्फॉर्मर जळण्याची भीति असते. मग लाऊडस्पीकरच्या टोकांशीं मीटर लावून दोन्ही आवाज सारखे करावे. दाबांतील फरक शेंकडा एकाच्या आंत यावा. खटका दुसऱ्यानें दाबावा, आणि कोणता दाबला हें नाणें उडवून ठरवावें. असें दहा वेळां करून उत्तरें लिहून काढावीं. पांच बरोबर आलीं तर तें नाण्याचें यश होय. नऊ किंवा दहा आलीं तर मात्र तें दैवानें घडण्याचा संभव शंभरांत सुमारें एकच. तेव्हां फरक खरा मानावा. शेवटीं व्हॉल्व्हांची अदलाबदल करून पुन्हा एकदां दहा वेळां ऐकावें, म्हणजे फरक व्हॉल्व्हचा होता कीं यंत्राचा, हेंही कळतें. मात्र यंत्र उघडतांना सावध असावें. आंत तीनचारशें व्होल्टचा दाब असतो, आणि वीज बंद केल्यावरही कंडेन्सर तो धरून ठेवतात. तो उतरल्याची मीटरनें खात्री केल्यावांचून हात घालूं नये.

अशा परीक्षेंतून काय निघूं शकतें याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. १९८५ सालीं बॉब कार्व्हर या अमेरिकन तंत्रज्ञानें ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांस आव्हान दिलें कीं, तुम्ही निवडाल त्या महागड्या ॲम्प्लिफायरचा आवाज मी माझ्या स्वस्त ट्रॅन्झिस्टर यंत्रांतून काढून दाखवितों. दोन यंत्रांच्या आवाजांतील वजाबाकी ऐकत ऐकत त्यानें आपलें यंत्र जुळवून आणलें. आणि अखेरीस त्या मुरलेल्या कानांनाही दोन्ही वेगळीं ओळखतां आलीं नाहींत. यावरून सर्व यंत्रें सारखींच असतात असें ठरत नाहीं. जुळविण्यापूर्वीं फरक होताच. ठरतें तें इतकेंच कीं, फरक असतो तेथें त्याला मोजतां येण्याजोगें कारण असतें. तो कांचेवरच्या नांवांत राहत नाहीं.

मग व्हॉल्व्हवर प्रेम करणारा मनुष्य भोळा म्हणावा काय? मुळींच नाहीं. दुपटीच्या स्वराची भर ज्याला गोड लागते त्यानें ती खुशाल घ्यावी. चहांत कोणी आलें घालतो, कोणी घालीत नाहीं. आपल्या हातानें बांधलेल्या यंत्रांतून, मंद नारिंगी उजेडांत, एखादी जुनी ध्वनिमुद्रिका ऐकण्यांत जें सुख आहे त्याला कोणत्याही मीटरच्या परवानगीची गरज नाहीं. एवढेंच कीं, सुखाला सुख म्हणावें आणि शोधाला शोध. महाग व्हॉल्व्हसाठीं पैसे मोजण्यापूर्वीं घरांतील कोणालातरी खटक्यापाशीं बसवावें, आपण पाठ फिरवून बसावें आणि दहा उत्तरें कागदावर लिहावीं. तो कागद आपले कान किती विश्वासाचे आहेत हें सांगेल, आणि पुष्कळदां पैसेही वांचवील.