डोलारा तलावातला पूल

धानोऱ्याकडच्या माणसाला तलावाचे काय अप्रूप! झाडीपट्टीत गावोगाव मालगुजारी तलाव, पाळीखाली धानाच्या बांध्या, पाण्यात ढिवरांची जाळी. तरीही वैनगंगा ओलांडून चंद्रपूरमार्गे भद्रावतीला पोचलेला धानोऱ्याचा प्रवासी डोलारा तलावाच्या काठी थबकतोच. इथे पाण्यात एक प्राचीन दगडी पूल उभा आहे, आणि तो पैलतीराला नव्हे, तर तलावातल्या बेटावर नेतो.

जुन्या गॅझेटियरात त्याचे माप दिले आहे: लांबी १३६ फूट, रुंदी ७ फुटांहून अधिक. कमान कुठेच नाही. दगडी खांबांच्या दोन रांगा, त्यांवर लांबीच्या दिशेने टाकलेल्या अवजड तुळया, आणि त्या तुळयांवरूनच वाट. काठावर ओणवे होऊन पाहिले की कारागिराचा हिशेब कळतो. दगड लांब अंतर पेलत नाही, मधोमध तडकतो. म्हणून खांब जवळजवळ रोवले आहेत.

निव्वळ बेटावर जायला एवढा खटाटोप कोणी केला असेल?

उत्तर गावाच्या इतिहासातच शोधावे लागते. रेल्वेच्या पाटीवर आजही ‘भांदक’ असलेले हे गाव एके काळी मोठे नगर होते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, ज्याचे नाव वेरूळच्या कैलास लेण्याशी जोडले जाते, त्याचा इ. स. ७७२ चा ताम्रपट इथेच सापडला. जवळच विजासनच्या टेकडीत बौद्ध लेणी आहेत: डोंगर सरळ आत कोरत नेलेला बोळ आणि शेवटी बसलेली बुद्धमूर्ती. गावात भद्रनागाचे मंदिर आहे, पार्श्वनाथाचे जैन तीर्थही आहे. १८७०च्या दशकात इथे आलेल्या पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांना तर चिनी प्रवासी युआन श्वांगने वर्णिलेली कोसलची राजधानी हीच असे वाटले. पुढे अनेक अभ्यासकांनी तो मान छत्तीसगडमधल्या सिरपूरला दिला. पण त्याने भांदकचे मोल तसूभरही कमी होत नाही.

ताडोब्याला वाघ पाहायला जाणाऱ्यांनी अर्धा दिवस भद्रावतीसाठी राखून ठेवावाच. विजासनला जाताना विजेरी सोबत घ्यावी. मुलांना पुलाचे खांब मोजू द्यावेत, दगडाला हात लावून पाहू द्यावा. आणि त्यावर नाव कोरायला कोणी खिळा काढलाच, तर तिथल्या तिथे त्याचा हात धरावा.