आईबाबांच्या ईमेलची किल्ली

म्हाताऱ्या आईबाबांसाठी जीमेल बरा की याहू, असं आपण विचारतो. दोन्ही फुकट मिळतात. पण जीमेल दोन वर्षं, याहू एक वर्ष उघडला नाही, तर कंपनी खातं बंद करून आतली पत्रं पुसू शकते.

सालेकसा, देवरीकडे बऱ्याचदा ईमेल सेवा केंद्रातच काढून घेतात. तिथे नंबर केंद्रवाल्याचा टाकला, तर पासवर्ड विसरल्यावर कोड त्याच्याच मोबाईलवर जाईल. म्हणजे घर आईचं, किल्ली दुसऱ्याकडे!

म्हणून नंबर आईबाबांचाच द्या. पासवर्ड वहीत लिहून कागदपत्रांच्या पेटीत ठेवा. राखीला, भाऊबीजेला माहेरी गेलात की ईमेल उघडून बघा. आणि फोनवर कोणी कोड मागितला, तर सांगायचा नाही, हे त्यांना बजावून या.