मोजून घातलेली अशुद्धता
(शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात केलेले भाषण)



मी विज्ञानाचा पदवीधर नाही. परंतु बाभुळगाव परिसरातील शेतांत सौर पंप दिसू लागल्यापासून मुले विचारतात, "सर, त्या पॅनेलमध्ये फिरणारे काहीच नाही, मग वीज येते कुठून?" त्याचे उत्तर चिमूटभर अशुद्धतेत दडलेले आहे.

पॅनेलचा मुख्य पदार्थ सिलिकॉन. ते वाळूच्याच जातीच्या खनिजापासून काढतात. त्याच्या प्रत्येक अणूचे बाहेरचे चार इलेक्ट्रॉन शेजारच्या चार अणूंशी बांधलेले असतात. वीज वाहून न्यायला मोकळे कोण? शुद्ध सिलिकॉनमध्ये साध्या तापमानाला सुमारे पाच लाख कोटी अणूंमागे एक इलेक्ट्रॉन!

आता त्यात फॉस्फरस मिसळा. त्याच्याजवळ पाच इलेक्ट्रॉन. चार बांधले जातात, पाचवा मोकळा राहतो. बोरॉनजवळ तीनच, म्हणून एक जागा रिकामी राहते. शेजारचा इलेक्ट्रॉन तेथे सरकतो, त्याची जागा रिकामी होते, आणि अशा रीतीने वीज वाहते. या मिसळण्याला डोपिंग म्हणतात. पाच कोटी अणूंत फॉस्फरसचा एकच अणू घातला, तरी वाहकता पन्नास हजार पटींच्या घरात वाढते.

मग भरपूर घालावे काय? नाही. प्रमाण फारच वाढले, तर सिलिकॉन धातूसारखे वागू लागते आणि त्याचा खास गुण हरपतो. शिवाय आधी सिलिकॉन अत्यंत शुद्ध करावे लागते. भांड्यात आधीच कचरा असेल, तर चिमूट मोजायची कशी?

एका अंगाला फॉस्फरस व दुसऱ्या अंगाला बोरॉन असले, की दोहोंच्या सीमेवर विद्युत क्षेत्र तयार होते. सूर्यप्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन ते एकीकडे लोटते. याच तत्त्वावर १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौर घट दाखविला. त्यामुळेच आज शेतकऱ्याला रात्रीच्या विजेची वाट न पाहता भरदिवसा ओलित करता येते.

विद्यार्थी मित्रांनो, विज्ञान हे शहरातल्या मुलांचे, असे समजून दहावीनंतर त्याकडे पाठ फिरवू नका. पालकांनो, मुलींनाही ही वाट मोकळी ठेवा. ज्या पॅनेलवर आपल्या शेताचे पाणी अवलंबून आहे, त्याचे मर्म जाणणारी माणसे आपल्याच गावातून निघाली पाहिजेत.