गिटारचा पार्ट मिळत नाही, तेव्हा काय करायचं?

मी वेंगुर्ल्यातून बोलतोय. नोकरी सॉफ्टवेअरची, तीही घरून. संध्याकाळी लॅपटॉप मिटला की मागच्या पडवीत कानस आणि करवत निघते. आजचा विषय त्या पडवीतलाच: घरी बनवलेली इलेक्ट्रिक गिटार, आणि तिचे पार्ट हाताने घडवणं.

आमच्याकडे अशा कामात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ह्यां खंय गावतला?" म्हणजे, हे मिळणार कुठे? कुरिअरने आज बहुतेक सगळं येतं, मान्य. पण तुमची गिटार तुमच्या मापाची असेल, तर तयार पार्ट तिला बसेलच असं नाही. म्हणून मी प्रश्न थोडा बदलतो: हा पार्ट नेमकं काय काम करतो? त्याचं उत्तर मिळालं की कुठलं माप अचूक हवं आणि कुठलं थोडं इकडेतिकडे चालेल, ते कळतं. आणि तेवढं कळलं की निम्मा पार्ट तयार झाला म्हणून समजा.

याचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ब्रायन मे. क्वीन बँडचा गिटारिस्ट. त्याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. ब्रायन मेने 1963 मध्ये, शाळकरी वयात, वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवायला घेतली. नाव 'रेड स्पेशल'. गिटारची मान जुन्या शेकोटीच्या महोगनी लाकडाची. त्याला किडीची भोकं होती, ती काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. ट्रेमोलोला, म्हणजे सूर डोलवणाऱ्या दांड्याच्या यंत्रणेला, जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. दांड्याच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा. आणि मानेवरच्या खुणा शिंपल्याच्या बटणांच्या.

हे ऐकून 'जुगाड' म्हणावंसं वाटतं. पण नीट बघा. त्या स्प्रिंगांना तारांचा ताण तोलून धरायचा होता, आणि व्हॉल्व्हची स्प्रिंग मुळात सतत दाब घेण्यासाठीच बनलेली असते. म्हणजे निवड कामाकडे बघून झालेली आहे.

आता आपल्या पडवीत येऊ. लाकूड मी फणसाचं घेतलं, पाडलेल्या जुन्या घराच्या चौकटीचं. फणसाचं लाकूड वाद्यांना नवीन नाही. दक्षिणेतली सरस्वती वीणा आणि मृदंगम याच लाकडाचे होतात. आमच्या मेस्त्रीकाकांनी तुकडा हातात घेऊन फक्त एवढंच म्हटलं, "लाकूड जून हा." समुद्राकाठी हे फार महत्त्वाचं. ओलं लाकूड सुकताना पिळतं, आणि मान पिळली की सगळी मापं गेली. अनेक पावसाळे बघितलेलं लाकूड ते पिळणं बहुतेक उरकून बसलेलं असतं.

दुसरी गोष्ट फ्रेटची, म्हणजे सतारीच्या भाषेत पडद्यांची. इथे अंदाज चालत नाही. तारेची लांबी 648 मिलीमीटर असेल तर तिला 17.817 ने भागा. उत्तर येतं 36.4 मिलीमीटर, पहिला फ्रेट नटपासून तेवढ्या अंतरावर. उरलेल्या लांबीला परत त्याच आकड्याने भागा, दुसरा फ्रेट मिळतो. असं करत बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, 324 वर येतो. त्या मध्यावर एक मिलीमीटरची चूक झाली तर सूर साधारण पाच सेंट सरकतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. तयार कानाला ते खटकू शकतं.

म्हणून एक पथ्य पाळा: प्रत्येक फ्रेटचं अंतर नटपासूनच मोजा, आधीच्या फ्रेटपासून नाही. नाहीतर प्रत्येक वेळची छोटी चूक पुढच्या चुकीत मिळत जाते. प्रोग्रॅमिंगवाल्यांना हे दुखणं ओळखीचं असेल! मी छोटा प्रोग्रॅम लिहून पट्टी कागदावर छापली. पण प्रिंटर कधीकधी आकार बदलतो, म्हणून छापलेली पट्टी स्टीलच्या मोजपट्टीने तपासल्याशिवाय लाकडावर चिकटवायची नाही.

आता माझा आवडता पार्ट: नट. मानेच्या टोकाला, जिथून तारा खुंट्यांकडे जातात, तिथली खाचांची छोटी पट्टी. मी ती पितळेची केली. पितळ खाऱ्या हवेत काळवंडतं, पण लोखंडासारखं गंजत नाही. खाचा पाडायला बारीक कानस लागते, कारण सगळ्यात बारीक तार जेमतेम पाव मिलीमीटर जाड असते. गॅरेजमध्ये व्हॉल्व्हची फट मोजायला फीलर गेज वापरतात ना, त्याच्या पातळ पात्यांच्या कडेला दाते पाडले की झाली कानस.

खाचेचा उतार खुंट्यांच्या बाजूला हवा. तार खाचेतून सुटते ती जागा फ्रेटांकडच्या कडेलाच, एका टोकावर हवी. तार आत सपाट पसरून बसली तर ती खाचेतच थरथरते आणि झणझण येते.

इथे मला मिरज आठवतं. मिरजेची शिकलगार घराणी मूळची हत्यारांना धार लावणारी. पुढे ती तानपुरा आणि सतार बनवायला लागली. तानपुऱ्याची घोडी रुंद आणि किंचित गोलसर असते. तार तिच्यावर हलकी घासत राहावी म्हणून कारागीर ती कानसत जातात, वाजवून ऐकतात, परत कानसतात. त्यातून जो भरलेला, झंकारणारा नाद येतो ती जवारी. म्हणजे बघा, गिटारवाला ज्या झणझणीला दोष म्हणतो, तीच मिरजेत मेहनतीने घडवतात. तार आणि कड यांचा संबंध तोच, पार्टचं काम वेगळं. आणि दोन्हीकडे शेवटचं माप कानच घेतो. म्हणून खाच दोन-तीन घाशांनंतर थांबून तपासा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट दिसली पाहिजे. दिसली की थांबा. घासलेलं पितळ परत येत नाही.

मग पिकअप. चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे वेढे. वर पोलादी तार हलली की त्यात वीज तयार होते. नेहमीच्या एका कॉइलच्या पिकअपला साधारण 8000 वेढे लागतात, आणि तार 0.063 मिलीमीटरची, केसाएवढी. ही तार मागवावी लागते. पंपाची मोटर भरणाऱ्यांकडची तार फार जाड. वेढे मी हाताने फिरवायच्या शिलाई मशीनच्या चाकावर भरले. मोजायला साधा कॅल्क्युलेटर: चाकावर चुंबक, शेजारी रीड स्विच, त्याच्या वायरी 'बरोबर'च्या बटणाला. एक अधिक एक करून ठेवलं की प्रत्येक फेरीला आकडा एकने वाढतो. शेवटी पिकअप वितळलेल्या मेणात बुडवायचा, म्हणजे वेढे हलून शिट्टी मारत नाहीत. मेण मात्र गरम पाण्याच्या भांड्यात ठेवूनच वितळवा, थेट गॅसवर कधीच नाही.

व्हॉल्यूमच्या नॉबसाठी तर आपल्याला लांब जायलाच नको. शेजारी सावंतवाडीत लाकूड कातून लाख चढवायची कला आहे. नॉबला अचूक माप एकच, आतल्या भोकाचं. बाहेरून तो लाल-पिवळा लट्टू दिसला तरी चालेल. माझा दिसतो!

काय बनवू नये, हेही सांगतो. फ्रेटची तार, खुंट्या आणि मानेतला लोखंडी ट्रस रॉड विकत घ्या. सहा तारा मिळून मानेवर चाळीस-पंचेचाळीस किलोचा ताण दिवसरात्र असतो. तिथे प्रयोग नको.

एवढा खटाटोप कशासाठी? पैसे वाचतात म्हणून नाही. वेळ धरला तर वाचत नाहीतच. पण इथे पावसाळ्यात स्क्रू गंजणार, कधी आवाज खरखरणार, कधी नटची खाच झिजणार. तेव्हा वाद्य पेटीत भरून गोव्याला किंवा मुंबईला पाठवून वाट बघायची, की त्याच संध्याकाळी पडवीत उघडायचं? जो पार्ट तुम्ही घडवलाय, तो का बिघडला हे तुम्हाला माहीत असतं.

पूर्ण गिटारने सुरुवात करू नका. घरातल्या गिटारची फक्त नट बनवून बघा, जुनी जपून ठेवून. आणि तुमच्या गावात कुणी कातारी, मोटर भरणारे, वाद्य दुरुस्त करणारे असतील, तर त्यांच्याकडे जाऊन एकदा बसा. काय शिकलात ते कमेंटमध्ये कळवा. भेटू पुढच्या भागात. येवा!