कुटुंबाचा खर्च-चातुर्मास
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कौटुंबिक अर्थव्यवहार या विषयावर चार शब्द बोलावेत अशी चालकांनी आम्हांस आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. विषय रुक्ष आहे, आणि भोजनापूर्वी काटकसरीची गोष्ट काढणे हे थोडे अप्रशस्तही आहे. परंतु ज्या गोष्टी घरोघरी दिवाणखान्याच्या आत, दार लोटून, हलक्या आवाजात बोलल्या जातात, त्या वर्षातून एकदा तरी उघड्या सभेत बोलल्या जाव्यात, असे आम्हांस वाटते. म्हणून हे धाडस.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : जन्मभर काटकसर करा, असा उपदेश आम्ही करणार नाही. तो उपदेश ऐकण्यास गोड आणि आचरण्यास अशक्य असतो. आम्ही सुचवितो ते इतकेच की, प्रत्येक कुटुंबाने ठरावीक मुदतीपुरता, म्हणजे तीन-चार महिने, अनावश्यक खर्च बंद ठेवावा. ठरलेला हेतू साधावा. आणि मुदत संपताच तो नेम विधिपूर्वक सोडावा. मितव्ययाला मुदत असली म्हणजे तो व्रत होतो. मुदत नसली म्हणजे तोच कृपणपणा होतो, आणि कृपणाच्या घरी लक्ष्मी असली तरी प्रसन्नता नसते.

ही कल्पना आपल्यास परकी नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास पाळण्याची चाल आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या आहे. कोणी कांदालसूण सोडतो, कोणी वांगे वर्ज्य करतो, कोणी एकभुक्त राहतो. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून कांद्याची भजी, थालीपिठे पोटभर खावयाची आणि मग त्या पदार्थाचा निरोप घ्यावयाचा, यात केवढे शहाणपण आहे पाहा! त्यागाचा आरंभही आनंदाने, आणि शेवटही उद्यापनाने. शिवाय घरात एकाने कांदा सोडला म्हणजे स्वयंपाक बहुधा सर्वांचाच तसा होतो. निश्चित आरंभ, निश्चित अंत आणि सर्व घराचा सहभाग, ही तीन लक्षणे ज्या नेमाला आहेत तो नेम टिकतो. आम्ही ज्यास खर्च-चातुर्मास म्हणतो, त्यास हीच तीन लक्षणे हवीत.

राष्ट्राच्या जीवनातही असे प्रसंग आले आहेत. १९६५ साली अन्नटंचाई आणि युद्ध यांच्या कात्रीत देश सापडला असता, पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, आणि असंख्य घरांतून सोमवारी रात्री चुली पेटल्या नाहीत. त्या आवाहनाला यश आले याचे कारण मागणी लहान होती, स्पष्ट होती आणि ती सर्वांसाठी सारखी होती. पुढे २०२० साली, मार्चच्या अखेरीस टाळेबंदी आली, तेव्हा तर संयम आपल्यावर लादलाच गेला. विवाहास ५० माणसांची मर्यादा होती. तरीही त्या वर्षी झालेले विवाह विवाहच झाले. मंगलाष्टके तीच होती, सप्तपदीची पावले सातच होती. मंडप, रोषणाई आणि शेकडो पाने यांवाचून कार्य अडत नाही, हे आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले. दुःखाची गोष्ट ही की, संकट सरताच तो धडाही सरला.

आता या विषयाची निकड कशात आहे ते सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांची कमाई थांबली. संप आठवड्यांचा न राहता वर्षाहून अधिक लांबला. ज्या घरी चार महिन्यांची शिदोरी होती त्या घराला निदान विचार करण्यास अवसर मिळाला. जेथे ती नव्हती तेथे भांडी आणि दागिने यांनी प्रथम घर सोडले. गिरण्या गेल्या, परंतु मिळकत एकाएकी थांबण्याचा धोका गेलेला नाही. आज नोकरी कराराची असते, दुकानासमोर नवा मोठा बाजार उभा राहतो, घरातील कर्त्या माणसास रुग्णालयात न्यावे लागते. संकट येताना आगाऊ पत्र पाठवीत नाही.

दुसरीकडे खर्च मात्र दिसेनासा झाला आहे. पूर्वी पाकिटातील नोट मोडताना हाताला जाणवे. २०१६ पासून मोबाइलवरून तत्काळ पैसे देण्याची सोय झाली. सोय उत्तम आहे, तिची निंदा आम्ही करीत नाही. परंतु चाळीस रुपये, नव्वद रुपये, दोनशे रुपये असे पाझरणारे पाणी डोळ्यांस दिसत नाही, आणि महिन्याच्या विसाव्या तारखेस रांजण रिकामा आढळतो. मग क्रेडिट कार्ड पुढे येते. सावकाराच्या व्याजास नावे ठेवणारे आपण कार्डाच्या थकबाकीवर दरमहा तीन-साडेतीन टक्के व्याज निमूटपणे भरतो. वार्षिक हिशेबाने हे व्याज सरळ ३६ ते ४२ टक्के होते. गावच्या सावकारालाही क्षणभर संकोच वाटावा असा हा दर आहे.

उदाहरणादाखल एक मध्यमवर्गीय घर कल्पू या. मासिक प्राप्ती ६०,००० रुपये. घराचा हप्ता १८,०००, वाणसामान, दूध व भाजी १२,०००, मुलांचे शिक्षण ८,०००, प्रवास ४,०००, वीज, गॅस व फोन ४,००० आणि औषधे २,०००, एकूण ४८,०००. उरलेले १२,००० कोठे जातात ते घरात कोणासही सांगता येत नाही. हॉटेल, मागविलेले खाणे, तिकिटे, कपडे, भेटवस्तू, न पाहिलेल्या वाहिन्यांची वर्गणी असे ते विरून जातात. या घरावर कार्डाची ३०,००० रुपयांची बाकी आहे आणि दरमहा तीन टक्क्यांनी ९०० रुपये व्याज चढते. केवळ व्याज भरीत राहिल्यास वर्षाला १०,८०० रुपये जातील आणि मुद्दल तसेच राहील. आता हेच घर चार महिने नेम धरते. बारापैकी तीन हजार हातखर्चास ठेवून नऊ हजार दरमहा कर्जाकडे वळविते, आणि त्या अवधीत कार्ड वापरीत नाही. पहिल्या महिन्याअखेर बाकी २१,९०० राहते, दुसऱ्या महिन्याअखेर सुमारे १३,५५७, तिसऱ्या महिन्याअखेर ५,००० च्या आत. चौथ्या महिन्यात कर्ज फिटून सुमारे ३,९०० रुपये हातात उरतात. सर्व मिळून व्याज गेले ते सुमारे २,१०० रुपये. चार महिन्यांच्या संयमाने एक न संपणारे देणे संपले, ही या व्रताची फलश्रुती होय.

आता काय सोडावे आणि काय सोडू नये, हा नाजूक प्रश्न. मुलांचे दूध, वृद्धांची औषधे, शाळेची फी, विम्याचा हप्ता यांस हात लावू नये. तेथे वाचविलेला रुपया पुढे दहा रुपये घेऊन जातो. दुसरे, घरकामास येणाऱ्या बाईंचा पगार कापून वा त्यांस चार महिने घरी बसवून केलेली बचत ही बचत नव्हे. आपल्या घरचे व्रत दुसऱ्याच्या घरच्या उपासावर पाळावयाचे नसते. आणि तिसरे, जे आम्ही विशेष आग्रहाने सांगतो : काटकसरीचा भार एकट्या गृहिणीच्या अंगावर पडू देऊ नये. कित्येक घरांत काटकसर ठरली म्हणजे प्रथम तिची साडी जाते, मग तिचे माहेरचे जाणे जाते, मग तिच्या ताटातील वाटी जाते; पुरुषांचा चहा, सुपारी आणि मित्रमंडळ मात्र अबाधित राहते. हा न्याय नव्हे. घरातील प्रत्येकाने आपल्या आवडीची एक गोष्ट स्वतः होऊन सोडावी. वडिलांनी सोडली म्हणजे मुलांस सांगावे लागत नाही.

पद्धत अगदी साधी ठेवावी. पहिला महिना काहीच न सोडता केवळ लिहावे. स्वयंपाकघरात एक वही टांगून ज्याने खर्च केला त्याने त्याच दिवशी टिपावा. महिनाअखेर सर्वांनी एकत्र बसून ती वही मोठ्याने वाचावी. कोणी कोणास दोष देऊ नये. वही पुरेसे बोलते. मग वर्ज्य गोष्टींची यादी करावी, पण ती पाच-सात कलमांहून मोठी नसावी. हेतू एकच ठरवावा : कर्ज फेडणे, अथवा जूनमधील शाळेची भरती, अथवा अडीअडचणीसाठी शिल्लक. दहा वर्षांच्या मुलासही तो हेतू सांगावा. मुलांपासून ओढाताण लपविण्यात आपण त्यांचे रक्षण करतो असे वाटते. वस्तुतः त्यांस ती समजलेली असतेच, केवळ तिचा उपाय समजत नाही.

काळ कोणता निवडावा? प्रत्यक्ष चातुर्मासात गणपती, नवरात्र, दिवाळी येतात; तेव्हा खर्चाचा नेम धरणे कठीण. आमची सूचना अशी की, मकरसंक्रांतीस आरंभ करून अक्षय्य तृतीयेस समाप्ती करावी. या सुमारे चार महिन्यांत मुलांच्या परीक्षा असल्याने सहलींस आपोआपच विराम असतो, आणि समाप्तीनंतर लगेच शाळांचा खर्च येतो, त्यास साठविलेला पैसा उपयोगी पडतो. संक्रांत ते रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवात वाण लुटण्याची जी चढाओढ लागते, ती तिळगुळावर आणि सुपारीवर आणता येईल. ज्या डब्या आणि वाट्या आपण लुटतो त्या मैत्रिणींच्या माळ्यावर जाऊन पडतात, हे भगिनींना आम्ही सांगावयास नको.

शिल्लक पडलेला पैसा कोठे ठेवावा? प्रथम जबर व्याजाचे कर्ज फेडावे, कारण त्याहून अधिक उत्पन्न देणारी सुरक्षित ठेव कोठेही नाही. त्यानंतर बँक किंवा टपाल कार्यालय. बँकेतील ठेवींना विम्याचे संरक्षण १९६२ पासून आहे. त्याची मर्यादा आरंभी १,५०० रुपये होती, ती ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाख रुपये झाली. परंतु हे संरक्षण पतसंस्थांच्या ठेवींना नाही, आणि ओळखीपाळखीच्या भिशीला तर नाहीच. चार महिने पोटाला चिमटा घेऊन साठविलेले धन अधिक व्याजाच्या मोहाने भलत्याच्या हवाली करू नये.

आता शेवटचा, आणि आमच्या मते मुख्य मुद्दा. घर एकटे हे व्रत का पाळू शकत नाही? "चार लोक काय म्हणतील," या एका वाक्यामुळे. ऋण काढून सण करणाऱ्यास आपण हसतो, परंतु ज्याने मुलीच्या लग्नात पाने कमी वाढली त्याच्याविषयी जेवून परतताना गाडीत काय बोलले जाते? ते चार लोक परग्रहावर राहत नाहीत. ते याच सभागृहात बसलेले आहेत. म्हणून जे भय ज्ञातीने निर्माण केले ते ज्ञातीनेच दूर केले पाहिजे.

सामाजिक संस्थांनी हे कार्य पूर्वी केलेले आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाने साध्या, अल्पखर्ची विवाहांचा पायंडा पाडला. १९०६ साली मुंबईत श्रीपाद सुब्बराव तल्मकी यांनी आपल्या ज्ञातीतील गरजूंसाठी शामराव विठ्ठल यांच्या नावाने सहकारी पतपेढी काढली. तिची आज मोठी बँक झाली आहे. या दोन उदाहरणांत मार्ग भिन्न आहेत, परंतु माणसाला कर्जाच्या लाजेतून सोडविणे हे आपले सामाजिक कर्तव्य आहे, ही जाणीव दोन्हीकडे एकच आहे.

तेव्हा आम्ही मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. येत्या संक्रांतीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत ज्ञातीतील कोणत्याही कार्यात आहेर देऊ-घेऊ नये, आणि हे निमंत्रणपत्रिकेवर मंडळाच्या नावाने छापावे, म्हणजे यजमानास संकोच उरणार नाही. त्या अवधीतील मंडळाचे स्वतःचे समारंभ चहापानावर आटोपावेत व शिल्लक रक्कम विद्यार्थिनिधीत जमा करावी. आणि जे कुटुंब असा नेम धरील त्याचे नाव कोठेही जाहीर करू नये, सत्कार करू नये. त्याला केवळ निर्धास्तपणे जगू द्यावे. काटकसर करणाऱ्या माणसास शाबासकीहून अधिक गरज असते ती, कोणी विचारू नये याची.

वर्षातील चार महिने आपण हात आवरला तर उरलेले आठ महिने मोकळ्या हाताने जगता येतील. कर्ज नसलेल्या घरात साधे वरणभातही गोड लागते. असे गोड जेवण या ज्ञातीतील प्रत्येक घरी होवो, इतके मागून आम्ही आपली रजा घेतो.