तीन महिन्यांचा डॉक्टर, वर्षानुवर्षांचा रुग्ण
(पुसेगाव येथील भाषणाचा मजकूर)



खेड्यात मानसिक आजाराचा विषय निघाला की चर्चा अंधश्रद्धेपाशी येऊन थांबते. रुग्णाला देवऋष्याकडे नेतात हे खरे. परंतु डॉक्टर कोठे आहे, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातील जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, निरनिराळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून राहतात.

पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांनी तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे, असा नियम २०२० मध्ये झाला. या काळातील विद्यावेतन महाविद्यालयच देते. निवास, वाहन व सुरक्षेची व्यवस्था शासनाने करावयाची असते. २०२१ च्या नियमांनी आंतरवासितेतही मनोविकारशास्त्राचे दोन आठवडे सक्तीचे केले. म्हणजे मनुष्यबळाची कागदावर तरतूद आहे. (कागद आपल्याकडे कधीच कमी पडलेला नाही!)

अडचण निराळीच आहे. शिकणाऱ्याचे वेळापत्रक तीन महिन्यांचे, तर स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचे औषध वर्षानुवर्षे चालावयाचे. नवा डॉक्टर आला की रुग्णाने आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावयाची काय? सेनगाव तालुक्यातल्या शेतमजूर बाईला हिंगोलीची फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि भाडे, सोबत येणाऱ्याचीही मजुरी. औषध फुकट असले तरी उपचार फुकट होत नाही. दोन खेपा निष्फळ गेल्या की तिसरी होत नाही, आणि दोष मात्र तिच्या अज्ञानाला दिला जातो.

कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात १९८० च्या दशकात झालेल्या प्रयोगाने मार्ग दाखविला होता. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना व कर्मचाऱ्यांना शिकवून उपचार रुग्णाच्या जवळ नेले गेले. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा शिकाऊ डॉक्टर हा स्थानिक सेवेला पर्याय नव्हे; स्थानिक सेवेने त्याला सांभाळावयाचे, आणि त्याने तिला बळ द्यावयाचे.

निवासी डॉक्टरांच्या योजनेत जिल्हा समन्वयकाची तरतूद आहे. त्याने केवळ हजेरीपट सांभाळला तर ते पद व्यर्थ होय. पुसेगाव परिसरासाठी आठवड्याचा एक वार ठरावा; डॉक्टर बदलला तरी वार बदलू नये. जाणाऱ्याने येणाऱ्याला प्रत्येक रुग्णाची नोंद समक्ष समजावून द्यावी. ज्येष्ठ मनोविकारतज्ज्ञाची देखरेख असावी, नाहीतर शिक्षणही नाही आणि उपचारही नाही. आशा कार्यकर्तीला त्या वाराची यादी आधी मिळावी, आणि त्या कामाचा मोबदलाही.

हिंगोलीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. त्याची पहिली तुकडी साधारण २०२९ मध्ये आंतरवासितेला येईल. तोवर कोणत्या वारी, कोणत्या गाडीने, कोणाच्या देखरेखीखाली डॉक्टर येथे येणार, हे जिल्हा शल्यचिकित्सकांकडून लेखी मिळविणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे.