सोने खरे, नाणे खोटे

(गाझियाबाद येथील गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



मी रेल्वेत डिप्लोमा इंजिनिअर आहे आणि जुनी नाणी जमवणे हा माझा छंद. समोर विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली मंडळी बसलेली असताना मी सोन्यावर बोलणे हे धाडसच. टंच काढणे तुमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. पण नाण्याचा प्रश्न थोडा वेगळा आहे. कसोटीवर सोने उतरले म्हणजे नाणे खरे, असे होत नाही.

आपल्याकडच्या गिन्नीचेच घ्या. वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास सुमारे २२ मिलिमीटर, जाडी दीड मिलिमीटर, सोने २२ कॅरेट. १९१८ साली ती मुंबईच्या टांकसाळीतही पडली. त्या गिन्नीवर घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर बारीक ‘आय’ हे इंग्रजी अक्षर असते. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली आणि लेबनॉनमध्ये खोट्या गिन्न्या पाडल्या गेल्या, त्याही खऱ्या सोन्याच्या! कारण सरळ आहे. गिन्नीला आतल्या सोन्यापेक्षा जास्त भाव मिळत असे. अशा वेळी तेजाब काही सांगत नाही. भिंगाखाली अक्षरांच्या कडा, घोड्याची आयाळ आणि काठावरचे दाते खात्रीच्या नाण्याशी ताडून पाहावे लागतात.

मुलामा दिलेले पितळ पकडणे त्यामानाने सोपे. पितळ सोन्याच्या निम्म्याहूनही हलके. त्यामुळे वजन जुळवले तर नाणे जाड होते आणि जाडी जुळवली तर वजन कमी भरते. म्हणून तराजू आणि व्हर्निअर दोन्ही हाताशी ठेवा. आणखी एक घरगुती उपाय सांगतो. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणे दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. गिन्नी असेल तर काटा ०.४५ च्या आसपास दाखवेल. नाण्याच्या वजनाला त्या आकड्याने भागले की साडेसतरा-पावणेअठरा येते. पितळाचे उत्तर साडेआठच्या जवळ येते. चुंबकावर मात्र विसंबू नका. तो पितळ, तांबे, शिसे यांनाही धरत नाही.

टंगस्टनची घनता शुद्ध सोन्याच्या अगदी जवळची, त्यामुळे बिस्किटाच्या पोटात ते भरले तर पाण्याची परीक्षा फसते. टंचाचे एक्स-रे मशीनही वरच्या पातळ थरापुरतेच सांगते. तिथे अल्ट्रासोनिक तपासणी उपयोगी पडते. आम्ही रुळातली आतली भेग याच तंत्राने शोधतो. ध्वनिलहरीचा वेग सोन्यात आणि टंगस्टनमध्ये वेगळा असतो, तो फरक लगेच कळतो.

आता शिवरायांचा होन. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेले हे नाणे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. वजन साधारण पावणेतीन ग्रॅम. अस्सल होन फार थोडे उरले आहेत, म्हणूनच त्याच्या नकला अमाप. हे नाणे हाताने ठोकलेले, त्यामुळे दोन होन तंतोतंत सारखे नसतात. दोन नाण्यांवर तोच ओरखडा, तीच तिरकी बैठक दिसली तर ती एकाच साच्यातली समजा. ओतीव नाण्यावर बारीक छिद्रे आणि काठावर सांध्याची रेघ दिसते. प्रतिकृती म्हणून विकली तर हरकत नाही, अस्सल म्हणून विकली की फसवणूक.

‘पाया खणताना हंडा सापडला, स्वस्तात देतो’ म्हणणारा भेटला तर दूर राहा. तो तपासायला एक नाणे खरे देतो, बाकीचे पितळेचे. आणि खरोखर गुप्तधन सापडले तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ते परदेशी नेता येत नाही.

शेवटी गलाई बांधवांना एक विनंती. खोटे नाणे घेतले तर पैसे जातात, ते पुन्हा मिळवता येतात. खरे नाणे मुशीत गेले तर सोने तेवढेच हाती येते, नाणे कायमचे जाते. मोडीत जुने नाणे आले तर भट्टी पेटवण्याआधी ते वजन करा, दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि जाणकाराला दाखवा. एवढा अर्धा तास आपल्या इतिहासासाठी द्यावा.

गणपती बाप्पा मोरया!